माझ्या नावावरची माफी

त्या माणसाने मला फसवलं. मी गिऱ्हाइकांना निरोप पाठवणारं यंत्र मागितलं होतं, त्याने माझ्या नावाने माफी मागणारं यंत्र दिलं. तिसगावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे त्याच्याच बाजूचे आहेत, म्हणून मला हे लिहावं लागतंय.

फसवणारा माणूस निवृत्त मास्तर होता. नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवून तिसगावात राहायला आलेला. मी त्यांना सरच म्हणणार. राग आहे, पण वळणही आहे.

गावाने त्यांचं नाव ‘नाहीतर सर’ पाडलं होतं. स्टँडवरच्या हॉटेलात शिरले की बसायच्या आधीच ते मालकाला सांगायचे, “भजी द्या. नाही तर वडा. वडा नसेल तर चहा. चहाही नसेल तर तसं सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. पण गप्प बसू नका.”

मालक म्हणायचा, “सर, भजी हायेत. समोर तळतोय की.”

“उत्तम. पण पुढचं लक्षात असू द्या.”

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक पेन असायचं, ते चाललं नाही तर दुसरं, आणि दोन्ही चालली नाहीत तर पेन्सिल. मी एकदा विचारलं, “आणि पेन्सिल मोडली तर?” मला वाटलं माणूस अडकेल. ते म्हणाले, “मग तोंडी सांगतो. पेन्सिल मोडली आहे, हे आधी सांगतो.” रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. पेटीचा भाता फाटला तर म्हणून खिशात माउथ ऑर्गन असायचा. एका नाताळात भाता खरंच फाटला. सर उठून उभे राहिले, “पेटी बिघडली आहे, दोन मिनिटं क्षमा करा,” असं सगळ्यांना सांगितलं आणि माउथ ऑर्गनवर गाणं पुरं केलं. लोक सांगतात, त्या दिवशी सर इतके खूश होते की नाताळ त्यांचा एकट्याचाच आहे असं वाटत होतं. आता वस्तू बिघडल्यावर खूश होणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

माझा धंदा मांडवाचा. मांडव, कनाती, खुर्च्या, जनरेटर, भांडी. दुसऱ्यांच्या लग्नात बांबू वाहून मी सुरुवात केली आणि आज माझ्या कापडाखाली निम्म्या तालुक्याची लग्नं लागतात. कोणी हात दिला नाही. जे केलं ते जिभेवर केलं, म्हणजे खरं तर जीभ आवरून केलं. सौद्याचा एकच नियम मला ठाऊक आहे. जो आधी बोलला, तो हरला. नगरच्या कापडबाजारात मी गठ्ठ्यावर हात ठेवून नुसता बसतो. दुकानदार भाव सांगतो, मी पंख्याकडे बघतो. तो जरा उतरतो, मी दाराकडे बघतो. शेवटी तो स्वतःशीच भांडत खाली येतो. आवाज चढवायचा तो नंतर, माल टेंपोत भरताना.

हा नियम मी घरातही पाळतो. माझा थोरला भाऊ, दादा, करंजी घाटाच्या पायथ्याला आमच्या मूळ गावी शेती करतो. त्याच्या मुलीच्या लग्नात मांडव मी घातला. झालरीसकट, भाऊ म्हणून. आणि मानाचे फेटे बांधायची वेळ आली तेव्हा सोयरे झाले, सरपंच झाले, सोसायटीचा चेअरमन झाला, बँडच्या मास्तरालासुद्धा फेटा बांधला. नवरीचा सख्खा चुलता बोडका उभा होता, स्वतःच्याच मांडवाखाली. दादाने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मी जेवलो नाही, मांडव सोडून टेंपोत भरला आणि निघालो. तेव्हापासून मी गप्प आणि तोही गप्प. कित्येक वर्षं हा सौदा चालू होता आणि मी तो जिंकत आलो होतो. दादा खचत चालला होता. पाहुण्यांकडून माझी चौकशी करायचा. अजून थोडी कळ काढली असती, तर स्वतः आला असता.

आणि अशा वेळी मी सरांना बोलावलं.

कारण साधं होतं. लग्नाच्या तिथी दाट आल्या की माझ्या डोक्यात गोंधळ व्हायचा. एकाच मुहूर्ताला दोन गावं कबूल व्हायची. शफीक, म्हणजे माझा टेंपोवाला, कनाती घेऊन पाथर्डीला जायचा आणि खुर्च्या घेऊन मी भलतीकडे. कोणीतरी सांगितलं की सर आता मोबाईलवर आपोआप कामं करणारी यंत्रणा जोडून देतात. कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर खोकी ओढायची आणि बाणांनी एकमेकांना जोडायची.

सर आले. मेहनताना किती, मी विचारलं. त्यांनी आकडा सांगितला. मी नेहमीप्रमाणे पंख्याकडे बघितलं.

सर जरा थांबले. मग म्हणाले, “ऐकू आलं का?”

मी दाराकडे बघितलं.

ते मघापेक्षा जास्त वेळ थांबले. पुन्हा तोच आकडा, त्याच आवाजात, एका पैशानेही खाली न उतरता सांगितला. मी मान हलवली नाही. आता ते त्याहूनही जास्त वेळ थांबले. इतका वेळ की मला घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्यापुढे कोणीतरी तसंच गप्प बसून राहिलं होतं.

शेवटी सर शांतपणे म्हणाले, “तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही तर मी माझाच आकडा धरून चालतो, काम अडत नाही,” आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

बायको आतून हसली. तिचं हसणं मी लक्षात ठेवलेलं आहे.

काम सुरू झालं. गिऱ्हाइकाने फोनवर तारीख, गाव आणि खुर्च्या भरायच्या. एक खोकं तारीख मोकळी आहे का बघणार, दुसरं गिऱ्हाइकाला होकार कळवणार, तिसरं शफीकला सांगणार, चौथं गोडाऊनला. मला वाटलं, संपलं. एक सरळ हिरवी रेघ. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक हिरव्या खोक्याखालून एक लाल बाण निघालेला. त्या लाल बाणाला आणखी खोकी, त्यांना आणखी लाल बाण. पडदा असा दिसत होता जणू कोणी पान खाऊन थुंकलंय.

मी म्हणालो, “सर, हे काय? मला काम व्हायला पाहिजे. तुम्ही तर काम कसं बिघडंल त्याचाच नकाशा काढलाय.”

“बरोबर,” सर म्हणाले. “काम झालं तर ते आपलं आपण होतं. त्याला माझी गरज नाही.”

“माझ्याकडं बिघडत न्हाई काही.”

“बिघडू द्या की. बिघडणं वाईट नाही. गप्प बिघडणं वाईट. कुठे अडलं ते सांगायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर दुसरी वाट धरायची, तीही नसेल तर माणसाला हाक मारायची. एवढंच.” मग त्यांनी मला विचारलं, “लाल खोक्यांतला मजकूर एकदा वाचून बघता का?”

मी म्हणालो, लाल माझ्या कामाचं नाही. हिरवं मी नीट वाचलं, त्यात दोन ठिकाणी ‘आमच्या नियमानुसार’ घालायला लावलं. लाल बघायचं कशाला? ते आपल्याकडे लागणारच नव्हतं. माणसाने अशा वेळी सज्जनपणे आग्रह करायला हवा होता की नको? सरांनी नुसती मान डोलावली. इथे फसवणूक सुरू झाली.

पहिला दणका खुर्च्यांचा. पारनेर तालुक्यातल्या एका गिऱ्हाइकाने ‘खुर्च्या किती?’ या प्रश्नापुढे लिहिलं, ‘लागतील तेवढ्या’. तारखेच्या जागी लिहिलं, ‘आखाजीनंतर, मामा येतील त्या दिवशी’. यंत्र अडलं. मी म्हणतो, अडावंच. पण अडून गप्प बसेल तर ते सरांचं यंत्र कसलं? त्याने त्या गिऱ्हाइकाला माझ्या नावाने लिहिलं, ‘नमस्कार. तुम्ही लिहिलेली तारीख मला समजली नाही. दोष माझा आहे. मामा कधी येणार ते कळलं तर कृपया कळवा. नक्की नसेल तर अंदाज सांगा. तोही नसेल तर मी उद्या फोन करतो.’

मी सरांच्या घरी जाऊन ओरडलो. “दोष माझा? खुर्च्या किती म्हणल्यावर लागतील तेवढ्या लिहितंय बेणं, आन दोष माझा?”

“चुकले ते असतील,” सर म्हणाले, “पण अडकलो आपण आहोत. जो अडकला, त्याने आधी बोलावं.”

“जो आधी बोलला तो हरला, सर.”

“कशात?”

असले प्रश्न विचारायची त्यांना सवय होती. मी चहा न घेता आलो.

दुसरा दणका नेवाशाचा. तिथल्या एका लग्नाला मरून रंगाची कनात ठरली होती, पण ती आदल्या गावातून सुटून आलीच नाही. मी हिरवी पाठवली. आता त्याची मला रीत माहीत आहे. वरबाप तणतणत येतो, त्याने तोंड उघडायच्या आत आपण तोंड उघडायचं, “तुमीच हिरवी म्हणला हुता,” आणि मग मांडवभर आवाज करायचा, की तो मुहूर्ताच्या घाईत ऐकून घेतो. मी बाह्या सरसावून मांडवाच्या तोंडाशी उभा होतो. वरबाप आला. हसत आला. हातात वांग्यांची पिशवी होती.

“तुमचा निरोप सकाळीच मिळाला,” तो म्हणाला. “मरून अडकली, चूक आमची, हिरवी चालेल का, न्हाई तर निळी बघतो, म्हणून. आवो, हिरवी तर हिरवी. इतक्या सरळपणे कोण सांगतं हल्ली? घ्या, घरच्या वाफ्यातली हायेत.”

माझा राग तयार होता, गिऱ्हाईक नव्हतं. तो राग घेऊन मी दिवसभर फिरलो, शेवटी जनरेटरवर काढला.

आणि असं होत गेलं. कोणी माझ्याशी भांडेना. मी बाजारात गेलो की लोक म्हणायचे, माणूस किती निवळला. आता हे ऐकायला बरं वाटेल, पण धंद्यात बसून बघा. नम्र माणसाला बाजारात सुतळीसुद्धा महाग मिळते. कापडबाजारातल्या माझ्या नेहमीच्या दुकानदाराने तर कळसच केला. मी पंख्याकडे बघितलं, तर तो म्हणाला, “शेठ, गरम होतंय का? पंखा वाढवू?”

आता मूळ गुन्हा सांगतो.

सरांची यंत्रणा जवळजवळ पुरी झाली होती. फक्त एक खोकं रिकामं होतं. सर त्याला ‘शेवटचा माणूस’ म्हणायचे. शफीक अडला की यंत्र मला कळवणार, मी उत्तर दिलं नाही तर थांबून पुन्हा, मग दुप्पट थांबून पुन्हा. तरी मी उत्तर दिलं नाही तर?

“मी देतोच,” मी म्हणालो.

“नाही दिलं तर?”

“मेलो असंन.”

“मग तर नक्कीच कोणीतरी लागेल,” सर म्हणाले. “वहिनींचा नंबर घालू?”

“तिला माझाच फोन उचलायला सवड नसती.”

मी टाळायला लागलो. सर सोडेनात. एक दिवस दुपारी ते घरी आले, तेव्हा मी मुद्दाम दार उघडलं नाही. त्यांनी कडी वाजवली आणि थांबले. पुन्हा वाजवली आणि जास्त थांबले. तिसऱ्यांदा वाजवून इतका वेळ थांबले की मला वाटलं गेले. गेले नव्हते. ते शेजारी गेले आणि म्हणाले, “काळजीचं कारण नाही, पण आत हालचाल असून दार उघडत नाहीत. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.” मग समोरच्या पिठाच्या गिरणीत तेच सांगितलं. मग पानाच्या टपरीवर. काळजीचं कारण नाही असं इतक्या ठिकाणी सांगितल्यावर काळजी पसरणारच. गल्ली माझ्या दारात जमली. गिरणीवाला पहार घेऊन आला. मी बनियनवर दार उघडलं.

“बरं झालं,” सर म्हणाले. “शेवटचा माणूस कोण, एवढंच विचारायचं होतं.”

सगळी गल्ली बघत होती. माझं डोकं फिरलं. आणि फिरलेल्या डोक्यात मला एक बेत सुचला, आणि बेत चांगला होता, हे मी आजही म्हणतो. मी म्हणालो, “घाला माझ्या दादाचा नंबर.” मनात म्हटलं, त्याचा-माझा बोलण्याचा संबंध नाही. वाजू दे त्याचा फोन. जेवताना वाजू दे, झोपेत वाजू दे. मला बोडका उभा करतो काय.

सरांनी पेन काढलं, ते चाललं नाही, दुसरं काढलं. “त्यांना काय म्हणता तुम्ही? नावाने हाक मारता, की...”

मी गप्प बसलो. उत्तर द्यायचं मला कारण नव्हतं.

“दादा म्हणत्यात,” बायको मागून म्हणाली. “म्हणायचे.”

सरांनी लिहून घेतलं.

पुढे लग्नसराई आली. घाटापलीकडे, नगरच्या बाजूला एका गावात मोठं लग्न होतं. बांबू आणि पाईप घेऊन मी आदल्या संध्याकाळीच गेलो, सांगाडा उभा केला. कापड, खुर्च्या, भांडी घेऊन शफीक सकाळी घाट चढून येणार होता. सकाळ झाली. शफीक येईना. तेवढ्यात माझा फोन वाजला. रेकॉर्ड केलेली एक बाई मला कर्ज घ्या म्हणत होती. मी नको म्हणालो. तिने ऐकलं नाही. मी जरा मोठ्याने नको म्हणालो. ती व्याजदर सांगायला लागली. मी फोन भिरकावला. माझं म्हणणं एवढंच, की पाण्याचा टँकर त्याच जागी, झाकण उघडं ठेवून लावायचं काय कारण होतं?

तर फोन टँकरच्या तळाशी आणि त्याच वेळी शफीक घाटात. टेंपोचा पाटा तुटलेला. त्याने फोनवर ‘अडचण’ म्हणून जे बटण सरांनी दिलं होतं ते दाबलं. यंत्राने मला कळवलं, म्हणजे टँकरला कळवलं. थांबलं. पुन्हा कळवलं. दुप्पट थांबलं. पुन्हा कळवलं. टँकर काय बोलणार.

इकडे मी नुसत्या पाईपांच्या सांगाड्याखाली उभा. ऊन वर आलं होतं. वऱ्हाड आलं आणि उन्हात उभं राहिलं. नवरीचा बाप माझ्याकडे बघून म्हणाला, “मांडव ह्याला म्हणत्यात व्हय? ह्यो तर बुजगावण्याचा वाडा झाला.” नवरदेवाच्या आजीला बसायला खुर्ची नव्हती, ती उपड्या घमेल्यावर बसली होती. माझ्या नावाची, बांबू वाहून केलेल्या नावाची, सगळ्यांसमोर माती होत होती. आणि मला ओरडायलासुद्धा कोणी सापडेना, कारण ज्याच्यावर ओरडायचं तो शफीक घाटात होता.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत माझं कापड, माझ्या खुर्च्या, माझी भांडी, वर शफीक बसलेला, आणि ट्रॅक्टरवर दादा.

दादा उतरला. पहिल्यापेक्षा वाकलेला वाटला. मी पंख्याकडे बघायला गेलो, पण तिथे पंखा नव्हता, नुसते पाईप होते. दादाने सदऱ्याच्या खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. म्हणाला, “हाक मारली तवा आलो. आता मान का फिरवतो?”

मी वाचलं. तिथेच, त्या गर्दीत, पहिल्यांदा लाल खोक्यातला मजकूर वाचला. ‘दादा, टेंपो घाटात अडकला आहे. मला एकट्याला सावरत नाही. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, उशीर झाला, चूक माझी आहे. तुम्ही आलात तर फार बरं होईल. येता येत नसेल तर तसं कळवा, मी वाईट वाटून घेणार नाही.’ आणि खाली माझं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आमच्या दोघांच्या वडिलांच्या.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? हे मी लिहिलेलं नाही, असं म्हणालो असतो तर दादाने ट्रॉली वळवली असती. ट्रॉलीत खुर्च्या होत्या. आजी घमेल्यावर होती. मी गप्प बसलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की मी गप्प बसलो आणि हरलो.

“मला ठावं हाय, यंत्रानं लिहिलंय,” दादा म्हणाला. “शफीकनं वाटंत सांगितलं. पर नंबर तर तूच दिला न्हवं?”

मी ट्रॉलीतून खुर्च्या उतरवायला लागलो.

दादाने कनातीचं एक टोक उचललं, मी दुसरं. लहानपणी आईचं लुगडं पिळायला धरायचो, तसं. ते आठवायचं काही कारण नव्हतं. मांडव उभा राहिला. फेटे बांधणारा आला होता, तो नवरीच्या मामाला बांधायला निघाला, तर दादाने त्याला हाताला धरून माझ्याकडे वळवलं. “ह्याला बांध आधी.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “त्या दिशी फेटे कमी पडले हुते. मोजताना मीच चुकलो. तू घरचा, तुला सांगितलं तर चालंल, असं वाटलं. सांगायला गेलो तर लाज वाटली. म्हून गप बसलो. तितं चुकलं.”

फेटा बांधणाऱ्याने कचकन आवळला, त्यामुळे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फेटे फार आवळतात त्या बाजूला.

सर दुपारी आले. यंत्राने त्यांनाही कळवलं होतं. एसटी चुकली म्हणून जीपने, जीप पंक्चर झाली म्हणून दुधाच्या गाडीत बसून. मांडवाच्या खांबावर बोटाने टकटक केली आणि आत आले. मला फेट्यात बघितलं, दादाला बघितलं, टँकरमध्ये उतरून माझा फोन शोधणाऱ्या शफीकला बघितलं.

“शेवटच्या खोक्यापर्यंत गेलं?” त्यांनी विचारलं.

“गेलं,” दादा म्हणाला.

“म्हणजे चाललं,” सर म्हणाले. चेहरा असा, की पेटीचा भाता फाटलाय आणि खिशात माउथ ऑर्गन आहे. टेंपो मोडला, फोन बुडाला, मला आयुष्यभराच्या सौद्यातून उठवलं, आणि हा माणूस म्हणतो चाललं. वर पंगतीत बसून वाढप्याला सांगितलं, “बुंदी द्या. नाही तर भात.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, दादाचा नंबर काढा.

“काढतो,” सर म्हणाले. “त्या जागी कोणाचा घालू?”

मी भिंतीकडे बघितलं. तिथे घड्याळ होतं, त्याच्या खाली दुसरं घड्याळ होतं.

सर थांबले. पुन्हा विचारलं. जास्त थांबले. तिसऱ्यांदा विचारलं. मला एकही नाव सुचलं नाही, हा काही माझा दोष नाही, मी स्वतःच्या जोरावर वर आलेला माणूस आहे. सर म्हणाले, “उत्तर आलं नाही, तर आहे तेच चालू ठेवतो,” आणि लॅपटॉप मिटला.

तो नंबर अजून तिथेच आहे. दादा बाजारच्या दिवशी घरी येतो, चहा पितो, दुसऱ्यांदा मागतो, आणि जाताना स्टँडवर प्रत्येकाला सांगतो की माझ्या भावाने आधी हाक मारली. आधी. बायकोच्या कानावर ते येतं आणि पुढच्या वेळी ती दादाच्या चहात आलं जास्त घालते. मी सरांना पुन्हा एकदा शेवटचं गाठून विचारणार होतो, पण ते मुलीकडे राहायला गेले. कुठे, ते गिरणीवाल्याला सांगून गेले होते, पण गिरणीवाला विसरला. टपरीवाल्यालाही सांगितलं होतं, तोही विसरला. सरांचा फोन लागत नाही. मी लावतो, थांबतो, पुन्हा लावतो. हल्ली जरा जास्त थांबून लावतो.

माझं म्हणणं सरळ आहे. एक माफी मागितली गेली. ती माझ्या नावावर आहे. मी ती मागितलेली नाही. मग कोणी मागितली? यंत्राने म्हणाल तर यंत्राला भाऊ नाही. या माफीचा धनी कोण, याचं उत्तर मला पाहिजे, आणि ते सरांनीच दिलं पाहिजे. त्यांनी तिसगावला यावं आणि माझ्या दारात उभं राहून सांगावं. पहिल्याच कडीला मी दार उघडीन. यायला जमत नसेल तर फोन करावा. फोन होत नसेल तर कोणाकरवी निरोप द्यावा. तोही जमण्यासारखा नसेल तर तसं कळवावं, मी वाईट वाटून घेणार नाही. पण गप्प बसू नये.